खळं चोपायचा दिवस

सकाळी 6. काल खणून, ढेकळं फोडून, खडे वेचून पाणी मारलेली माती रात्रभर मुरली आहे. दिवाळी सरली, तुळशीचं लग्न तोंडावर आलं. सिंधुदुर्गात या दिवसांत घरोघरी हेच काम, घरापुढचं खळं म्हणजे अंगण चोपायचं.

साडेसहा. काकी मूठभर माती आवळते. गोळा होतो, पण तळहाताला चिखल लागतो. "वायच थांब रे, अजून ओली आसा." सगळं खळं या एका निर्णयावर उभं असतं. ओल जास्त असली तर माती चोपण्याखाली सरकते आणि वाळताना भेगाळते; कमी असली तर कण एकमेकांना धरतच नाहीत, पंधरवड्यात धूळ होते. 1933 मध्ये राल्फ प्रॉक्टर या अमेरिकन अभियंत्याने नेमकी हीच ओल मोजायची रीत मांडली. रस्त्यांच्या भरावासाठी आजही तीच चाचणी करतात. आमच्याकडे ते काम काकीची मूठ करते.

7. तोवर दोरी आणि पाण्याची नळी लावून पातळी बघितली. तुळशी वृंदावनाकडून दगडी गडग्याकडे किंचित उतार हवाच, अवकाळी पाऊस सांगून येत नाही. माटवाच्या, म्हणजे मांडवाच्या, पोफळीच्या खांबांचे खड्डेही आत्ताच. चोपल्यावर कुदळ मारली की कडा फुटते.

8. काकीने मान हलवली. चोपणं म्हणजे जड लाकडाची फळी, तिला तिरका दांडा. मागे मागे सरकत जायचं, चोपलेल्यावर पाय द्यायचा नाही, आणि प्रत्येक फटका आधीच्याच्या अर्ध्यावर पडला पाहिजे. आधी भदभद वाजतं. माती बसली की टपटप. कान तिकडेच.

10. उकड्या तांदळाची पेज, लोणचं.

12. ऊन चढलं. वरचा थर भराभर सुकून तडकू नये म्हणून माडाची झापं पसरली.

4. झापं काढली. केसाएवढ्या भेगा दिसतात तिथे पाण्याचा हात फिरवून दुसरी चोपणी. ही कंटाळ्याने टाळणारे फार, आणि त्यांचंच खळं शिमग्याआधी उखडतं.

साडेपाच. वाडीत पेव्हर बसवायची टूम आली आहे. खळ्यात ते नकोतच, असं माझं ठाम मत. उन्हात ते भाजतात; या मातीवर भात झोडता येतं, कोकमाची सोलं वाळवता येतात, रात्री चटई टाकून निजताही येतं.

6. उद्या सारवण. गुरं थोड्याच घरी उरलीत, म्हणून शेजारच्या वहिनींना शेणाचं आत्ताच सांगून ठेवलं.