पाणी कोणाच्या मालकीचे?

२०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला आणि यवतमाळकर टँकरची वाट पाहू लागले. शहराचा पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या सरकारी संस्थेकडे आहे. पण नळ कोरडा पडला की ज्याच्या खिशात पैसा, त्यालाच टँकर विकत घेता येतो. नागपुरात २०१२ पासून खासगी कंपनी पाणीपुरवठा चालवते, मालकी मात्र महापालिकेचीच आहे.

मदिन्यात रूमा विहिरीचे पाणी विकले जाई. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. आम्हाला वाटते, पाणी कोणीही पुरवो, मालकी जनतेचीच राहावी. आपण बिल वेळेवर भरू आणि हिशेबही मागू. गरिबाचा घडा रिकामा राहू नये.