‘कॉपी करू नये’च्या पुढचा धडा

2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि संगणकाचं शिक्षण तालुक्यातालुक्यांत पोचलं. त्या काळातले गल्लीतले खासगी क्लास आठवा. विंडोजची सीडी पांढरी, तिच्यावर मार्करने लिहिलेला सीरियल नंबर. डीटीपी शिकवणाऱ्यांचे मराठी फॉन्टही असेच कुणाकुणाकडून आलेले. वास्तविक पायरेटेड सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं 1995 पासूनच गुन्हा होता. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 बमध्ये त्यासाठी कैदेची तरतूद आहे. क्लासात ते कोण सांगणार?

पुढे विषय पुस्तकात शिरला. एनसीईआरटीच्या अकरावीच्या संगणकशास्त्रात कॉपीराइट, पेटंट, ट्रेडमार्क आले. डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने दहा लाख विद्यार्थ्यांना बौद्धिक संपदेची ओळख करून द्यायची मोहीम काढली आणि आकडा गाठलाही. पण सूर बहुतेक ठिकाणी एकच: चोरी करू नका. काय करता येतं, हे सांगायचं राहूनच गेलं.

खरं तर त्यासाठी उत्तम धडा दिल्लीत घडला होता. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्यावर ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी 2012 मध्ये दावा लावला. तो अभ्यासक्रमातल्या प्रकरणांच्या प्रती बांधून विकत असे. सप्टेंबर 2016 मध्ये उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. शिकवण्यासाठी लागणारी प्रत कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 खाली चालते, हा त्या निकालाचा आधार. डिसेंबरात खंडपीठाने हे तत्त्व मान्य केलं, पण खटला पुन्हा चालवायला सांगितलं. 2017 मध्ये प्रकाशकांनीच माघार घेतली. झेरॉक्सच्या दुकानात रोज जाणाऱ्या मुलांना कायदा यापेक्षा सोपा करून कसा सांगणार?

काय करता येतं, याचं दुसरं उदाहरण मराठीतलंच. कॉपीराइटची मुदत संपल्याने साने गुरुजींचं साहित्य 1 जानेवारी 2011 पासून सर्वांसाठी खुलं आहे. ते टाइप करा, वाचून रेकॉर्ड करा, हवं तर छापून विका. मराठी शाळेला याहून चांगला प्रकल्प सापडणार नाही.

फॉन्टचंही चित्र पालटलंय. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट फुकट आणि कायदेशीर मिळतो. वापरा, बदला, वाटा. फक्त फॉन्ट सुटा विकायचा नाही आणि बदललात तर त्याच अटींवर पुढे द्यायचा. गूगलवरून उतरवलेल्या झिपमध्ये या अटींचं परवानापत्र फॉन्टशेजारीच असतं. मुलं ती फाइल न उघडताच फॉन्ट इन्स्टॉल करतात, आणि सरही.