समोरची खुर्ची

वार्ताहर म्हणून वर्धा जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभा मी पुष्कळ पाहिल्या. विषयपत्रिकेवरचा पहिला विषय ठरलेला: मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं. नवख्याला वाटतं, दोन मिनिटांत उरकेल. पण खरी सभा बऱ्याचदा तिथंच पेटते. एकदा समुद्रपूरकडच्या एक सदस्या इतिवृत्ताची प्रत हातात धरून उभ्या राहिल्या. "मागच्या सभेत मी शाळेच्या छताचं विचारलं होतं. साहेब म्हणाले होते, पंधरा दिवसांत करतो. इथं लिहिलंय, 'विषयावर चर्चा झाली.' माझे पंधरा दिवस कुठं गेले?" अध्यक्षांनी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे पाहिलं, त्यांनी शिक्षण विभागाकडे. शेवटी 'पंधरा दिवसांत' हे शब्द इतिवृत्तात चढले. पुढच्या सभेच्या आत त्या शाळेवर नवे कवेलू पडले होते.

विधिमंडळ, कार्यपालिका आणि न्यायपालिका एकमेकांना आवरून धरतात, हे आपण नागरिकशास्त्रात पाठ केलेलं असतं. मला ते त्या दुपारी कळलं. खर्च करणाऱ्याच्या समोर, खर्चाचा जाब विचारायचा हक्क असलेला कुणीतरी बसलेला हवा. तो रोज विचारेलच असं नाही, पण विचारू शकतो हे फाईल लिहिणाऱ्याला ठाऊक असलं की फाईल वेगळी लिहिली जाते.

महाराष्ट्रानं ही मांडणी विचारपूर्वक केली होती. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. नाईक समितीनं जिल्हाधिकाऱ्यांना परिषदेच्या बाहेर ठेवलं. निवडून आलेल्यांच्या डोक्यावर महसुली सत्तेची सावली नको, हा त्यामागचा विचार होता. मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारचा, पण दोन तृतीयांश सदस्यांनी विशेष सभेत ठराव केला तर सरकारला त्याला परत बोलवावं लागतं. अधिकारीही मुकाट मान डोलवायला बसलेला नसतो. नियमबाह्य ठराव तो अडवू शकतो, सरकारकडे कळवू शकतो. वरून स्थानिक निधी लेखापरीक्षा. त्याच्याही वर विधिमंडळाची पंचायत राज समिती. 'पीआरसी येतेय' म्हटलं की आठही तालुक्यांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, वर्षानुवर्षं न सापडलेल्या नोंदवह्या सापडतात. या दौऱ्यांना लोक नावं ठेवतात. मला मात्र त्या दिव्यांचं मोल वाटतं.

हे दिवे एकदम विझले तर काय होतं, हेही वर्ध्यानं जवळून पाहिलं आहे. आणीबाणीत धाम नदीकाठच्या पवनारला, विनोबा भावेंच्या आश्रमाकडे देशाचं लक्ष लागलेलं होतं. विनोबांच्या नावावर 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द सरकारनं भिंतीभिंतींवर रंगवले. पण २५ डिसेंबर १९७५ रोजी वर्षभराचं मौन सुटल्यावर विनोबांनी त्या शब्दांचा उलगडा केला. शासन सत्तेचं असतं, अनुशासन आचार्यांचं, असा त्यांचा भेद होता. पुढच्याच महिन्यात पवनारला आचार्य संमेलन भरलं आणि परिस्थिती पूर्ववत व्हावी, असं एकमतानं निवेदन झालं. ते दिल्लीला पोचवायची जबाबदारी श्रीमन्नारायण यांच्यावर आली. दिल्लीनं त्याला दाद दिली नाही. जून १९७६ मध्ये पोलीस पवनारच्या आश्रमात शिरले आणि गोवधबंदीसाठी विनोबांच्या उपोषणाची घोषणा करणारे 'मैत्री' मासिकाचे अंक उचलून नेले. विनोबांनी आणीबाणीला आणखी स्पष्ट शब्दांत विरोध करायला हवा होता, असं माझं मत आहे. पण त्यांचंही मासिक जप्त होतं, तेव्हा साध्या माणसाला कुणाचा आधार राहिला असेल?

आधार न्यायालयाचा असायला हवा होता. अनेक उच्च न्यायालयांनी तो दिलाही. स्थानबद्धतेत असलेल्यांना दाद मागता येते, असं त्यांनी म्हटलं. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं ते दार लावून घेतलं. विरोधात उभे राहिलेले एकटे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना, पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं गेलं. तो निकाल चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयानं स्वच्छ शब्दांत सांगितलं ते २०१७ मध्ये.

आचार्यांचं निवेदन ज्यांच्याकडे सोपवलं गेलं ते श्रीमन्नारायण हे नाव वर्ध्याच्या वाचकांना नवं नाही. इथल्या सेकसरिया वाणिज्य महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते, जमनालाल बजाजांचे जावई. १९४६ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारतासाठी गांधीविचाराची राज्यघटना लिहिली. खाली गावपंचायत आणि तिच्यावर एकेक पायरी. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवावर कठोर टीका केली. जातीच्या उतरंडीत पिचलेल्या माणसाला गावकीच्या हाती सोपवणं त्यांना मान्य नव्हतं, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पंचायती अनुच्छेद ४० मध्ये मार्गदर्शक तत्त्व म्हणून आल्या. १९९३ मध्ये ७३ वी दुरुस्ती अमलात आली, तेव्हा पंचायतीबरोबर राखीव जागाही आल्या. समुद्रपूरच्या त्या सदस्या राखीव जागेवरूनच निवडून आल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या तेव्हा श्रीमन्नारायण यांची पायरी आणि आंबेडकरांची हमी, दोन्ही त्यांच्या पायांखाली होत्या.

त्याच दुरुस्तीतला अनुच्छेद २४३-ई सांगतो: मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक. वर्धा जिल्हा परिषदेवर २०१७ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक झाली नाही.

कारण वर तिन्ही सत्तांची ओढाताण चालली होती. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जिल्हा परिषदांतल्या सरसकट २७ टक्के ओबीसी आरक्षणाला अट घातली: समर्पित आयोग, प्रत्यक्ष माहिती आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा. सरकारनं अध्यादेश काढला. डिसेंबरमध्ये न्यायालयानं तो थोपवला. मग विधिमंडळानं कायदा करून प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले. समर्पित आयोग म्हणून नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आला, त्यावर पुन्हा वाद, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाचा 'जैसे थे' आदेश. ६ मे २०२५ रोजी न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं. ती मुदतही पुढं ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली.

यातलं एकेक पाऊल वेगळं काढून पाहिलं तर अंकुशाचंच काम दिसतं. न्यायालयानं आकडे मागितले ते रास्त होतं, आणि ओबीसींचा वाटा बुडू नये ही सरकारची धडपडही रास्त. पण तिघं एकमेकांना धरून उभे राहिले आणि खाली वर्षामागून वर्षं सभागृहच नव्हतं. मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक झाले, पंचायत समितीत गटविकास अधिकारी. प्रस्ताव ठेवणारा, मंजूर करणारा आणि राबवणारा एकच माणूस. कुणी वाईट हेतूनं काम केलं असं मी म्हणत नाही. मी पाहिलेले बरेच अधिकारी कष्टाळू होते. पण इतिवृत्ताची प्रत हातात धरून उभं राहायला तिथं कुणी नव्हतं. हे मला आणीबाणीइतकंच गंभीर वाटतं, कारण इथं कुणाला अटक झाली नाही, कुठलं मासिक जप्त झालं नाही, आणि म्हणून कुणी ओरडलंही नाही.

प्रशासकाच्या काळात मी त्या सदस्याबाईंकडे गेलो होतो. ओसरीवर कापसाची गाठोडी, बाजूला फोन. गावोगावचे लोक अजून त्यांनाच फोन करायचे: पुलाचं काय झालं, नळयोजनेचं काय झालं. त्यांनी शाळकरी वही काढून दाखवली. तारीख, गाव, प्रश्न. समोर उत्तरासाठी कोरी जागा सोडलेली. सदतीस प्रश्न झाले होते. "सभा लागली की एकेक वाचते," त्या म्हणाल्या. "मी नसले तर जी येईल तिला देते." फोन वाजला. उत्तर देता देताच त्यांनी वही उघडली आणि अडतिसावा आकडा घातला.