तल्लीनतेची किंमत

साधने मर्यादित असतात. एक हवे असेल तर दुसऱ्यावर पाणी सोडावे लागते, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ होय. डोळ्यांवर उपकरण चढवताच भोवतालचे जग लोप पावून दुसरेच उभे राहते, त्या आभासी वास्तवाच्या खेळांत तरी हा नियम शिथिल होत असेल, असे कोणास वाटेल. प्रत्यक्षात तो तेथे अधिकच कठोर होतो.

१९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेत सिद्ध केलेले शिरोधार्य दर्शक इतके जड होते की, ते छताला टांगावे लागे. १९९५ मध्ये निन्टेंडोने 'व्हर्च्युअल बॉय' बाजारात आणला. त्यातील चित्रे केवळ तांबडी व काळी. वापरणाऱ्यांनी डोकेदुखीच्या तक्रारी केल्या आणि वर्षभरातच तो गुंडाळावा लागला.

२०१६ च्या 'ऑक्युलस रिफ्ट'मध्ये प्रत्येक डोळ्यापुढे सुमारे १३ लाख चित्रबिंदू होते. २०२३ च्या 'प्लेस्टेशन व्हीआर २'मध्ये ते सुमारे ४१ लाख झाले. तरीही हे बिंदू शंभरएक अंशांच्या दृष्टिक्षेत्रावर पसरले की, अंशागणिक जेमतेम वीस उरतात. निरोगी डोळा साठ ओळखू शकतो. दृष्टिक्षेत्र रुंदावावे, तर चित्र विरळ होते. बिंदू वाढवावेत, तर यंत्रावरील भार वाढतो. आणि सेकंदाला ९० चित्रे द्यावयाची, तर एका चित्रासाठी यंत्राला अवघे ११ सहस्रांश सेकंद मिळतात. तेवढ्यात ते पुरे झाले नाही, तर मान वळते आणि दृश्य मागे रेंगाळते.

येथे शरीर आपला हिशेब मांडते. डोळे सांगतात, 'आपण धावत आहोत'. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते, 'आपण स्वस्थ बसलो आहोत'. या विसंवादातून मळमळ उद्भवते. म्हणून २०२० च्या 'हाफ-लाइफ: ॲलिक्स' या खेळात सलग चालण्याबरोबरच एका जागेवरून दुसऱ्या जागी एकदम पोहोचण्याचीही सोय ठेवली गेली. तिने पोट शांत राहते, पण 'मी येथे चालत आहे' ही भावना काहीशी खंडित होते.

सवयीने हा त्रास कमी होतो, असा युक्तिवाद केला जातो. अनेकांच्या बाबतीत तो खराही आहे. परंतु सरासरी माणूस दुकानात येत नसतो. येतो तो एक विशिष्ट माणूस, आणि ज्याला सवय होत नाही त्याचे पैसे वाया जातात. 'व्हीआर २' अमेरिकेत ५५० डॉलरना आले. ज्या यंत्राला ते जोडावयाचे, त्याची किंमत त्याहून कमी होती. चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला, तो हाच! २०२५ मध्ये सोनीने किंमत ४०० डॉलरवर आणली. मळमळीची किंमत मात्र कोणत्याही दरपत्रकात नसते.

प्रस्तुत लेखकाच्या मते येथे त्यागाचा क्रम स्पष्ट असावा. प्रथम चित्राच्या झगमगाटावर पाणी सोडावे, मग तल्लीनतेच्या काही अंशावर. शरीरस्वास्थ्यावर कधीच नव्हे. ग्राहकाने अर्धा तास स्वतः वापरून पाहिल्याविना खरेदी करू नये आणि विक्रेत्याने ती संधी नाकारू नये. उद्या ही उपकरणे वर्गात आणू पाहणाऱ्या शिक्षणसंस्थांनी तर प्रथम हेच विचारावे की, ज्या विद्यार्थ्याला ते सोसवणार नाही, त्याच्यासाठी कोणती व्यवस्था आहे? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत खरेदीच्या कागदावर सही न करणे, हाच शहाणपणा होय.