परक्या घराची राखण

घर राखणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. मुंबईपुण्यास गेलेल्या मुलांच्या मागे कोकणातील घर ओस पडू नये म्हणून कोणी आत्या, कोणी दूरचा भाऊबंद तेथे राही. अंगणात सडा पडे, तुळशीपाशी दिवा लागे, आणि घर नांदते आहे एवढे गावास कळे. अलीकडे इंग्लंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत हाच प्रकार निराळ्या रूपाने फैलावला आहे. तेथील मंडळी प्रवासास निघाली म्हणजे सर्वस्वी अपरिचित माणसाच्या हाती किल्ली देतात. त्याने भाडे द्यावयाचे नाही व वेतनही घ्यावयाचे नाही. कुत्र्यामांजरांस खाऊ घालावे, झाडांस पाणी द्यावे, आणि उरलेल्या वेळी यजमानांची पुस्तके वाचावी. त्यास हाउस-सिटिंग असे म्हणतात. हे काम नावावरून वाटते तितके बसून करण्याचे नाही, असे सांगण्याचा अधिकार आम्हांस २०२३ सालच्या कार्तिकात प्राप्त झाला.

आमचे एक जुने विद्यार्थी, आता त्यांचेही केस पिकले आहेत, नोकरीतून मोकळे झाल्यावर दिंडोरी तालुक्यात कादवेच्या बाजूस थोडी जमीन घेऊन राहिले आहेत. कन्येच्या बाळंतपणासाठी उभयतांस पाच आठवडे जर्मनीस जाणे भाग होते. ‘गुरुजी, आपण आणि काकू येऊन राहिलात तर आम्ही निर्धास्त जाऊ,’ असा त्यांचा फोन आला. द्राक्षबाग शेजारच्या अण्णांनी वाट्याने केलेली होती, व धारा काढावयास सालगडी दोन्ही वेळा येणार होता. आम्ही राखावयाचे ते घर, एक गीर गाय व तिची कालवड, दोन शेळ्या, एक करडू, वाघ्या नावाचा म्हातारा कुत्रा, कधीही एकत्र न सापडल्यामुळे मोजता न आलेली मांजरे, तीन भिंती भरून पुस्तके, आणि एका थंड खोलीत दोन डझन बाटल्या द्राक्षमद्य.

ह्या शेवटच्या वस्तूस आमच्या सौभाग्यवतींची हरकत होती. ‘उभ्या जन्मात शिवलो नाही, आणि आता राखायला जायचे?’ असे त्या म्हणाल्या. त्यांच्या समाधानार्थ आम्ही पाणिनीस साक्षीस बोलाविले. कापिशी नगरीवरून ‘कापिशायन’ शब्द सिद्ध करण्यासाठी त्याने स्वतंत्र सूत्र रचिले आहे, व काशिकाकार त्याची उदाहरणे देतात ती मधु आणि द्राक्षा ह्यांचीच. ती कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचे आजचे बेग्राम. तेथे १९३७ व १९३९ साली फ्रेंच संशोधकांस बुजविलेल्या खोल्यांतून काचेची पात्रे व हस्तिदंती कोरीवकाम सापडले. कौटिल्यही द्राक्षाच्या मद्यास मधु म्हणतो, आणि त्याची नावे देशावरून पडतात असे सांगतो. रघूचे सैनिक पारसीकांस जिंकल्यावर द्राक्षमंडपांखाली बसून श्रमपरिहार करितात, ते तर शाळेत शिकविलेलेच. सौभाग्यवतींनी सर्व ऐकून घेतले व ‘पाणिनी प्यायले होते का?’ एवढेच विचारिले. ह्याचे उत्तर अष्टाध्यायीत नाही. त्या आल्या खऱ्या, परंतु त्या खोलीत त्यांनी पाऊल टाकिले नाही.

खोलीत पाहण्यासारखेही फार नव्हते. बाटल्या सर्व आडव्या निजविलेल्या. बूच ओक जातीच्या एका झाडाच्या सालीचे असते. ते आतील मद्याने ओले राहिले तर फुगून घट्ट बसते, सुकले तर आकसते व वारा आत शिरतो, म्हणून हे शयन. भिंतीवर उष्णमापक, व तो तेरा ते पंधरा अंशांच्या आत राखणारे यंत्र. अण्णांनी आम्हांस बागेत नेऊन मद्याची द्राक्षे कोठे लावली आहेत ते दाखविले. ही जात खाण्याची नव्हे. मणी बारीक, बियांचा व जाड सालीचा, आणि तांबड्या मद्याचा रंग त्या सालीतूनच उतरतो. शिराझ, काबर्ने, शेनिन ही नावे ह्या पंचक्रोशीत आता शेतगड्यांच्याही तोंडी आहेत. २००१ साली राज्य सरकारने ह्या धंद्यास उत्तेजन देणारे धोरण आखिल्यापासून त्यांचा प्रसार वाढला. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो व वर्षास एकदाच छाटला जातो. आपल्या हवेत त्यास झोप लागत नाही, म्हणून एप्रिलात काडीसाठी व ऑक्टोबराच्या सुमारास फळासाठी अशी दोनदा छाटणी करितात. ज्या पिकास विश्रांतीही माणसाने कात्रीने द्यावी लागते त्याची आम्हांस थोडी कीव आली. परंतु अण्णांस येत नसावी.

यजमानांनी सूचनांचे टिपण ठेविले होते. त्यांत चार पाने मद्याविषयी होती: सकाळ-संध्याकाळ अंश टिपावे, दार उघडे ठेवू नये, वीज गेल्यास अमुक करावे. पुस्तकांविषयी एक पान, कसर व वाळवी ह्यांच्या बंदोबस्ताचे. गाईविषयी अर्धे पान. शेळ्यांविषयी एकच ओळ: ‘रात्री दोन्ही कड्या.’ आम्ही जन्मभर कागद तपासण्यात घालविली आहेत वर्षे. जेथे मजकूर अधिक तेथे महत्त्व अधिक, ही खोड आमच्या हाडीं खिळली आहे. त्याप्रमाणे एक वही आखून अंशांची नोंद आम्ही एकही दिवस न चुकता केली.

रात्री वाचन चाले. यजमानांचे आजोबा वकील होते. त्यांची निर्णयसागरची मिताक्षरा, मनुस्मृती, महामहोपाध्याय काणे ह्यांचे धर्मशास्त्रेतिहासाचे खंड असा जुना संग्रह तेथे होता. परक्याची वस्तू राखावयास बसलो म्हणून निक्षेपप्रकरणच आम्ही उघडिले. मनूच्या अठरा व्यवहारपदांत ऋणादानानंतर लगेच निक्षेप येतो. ठेव राजाने, दैवाने अथवा चोरांनी नेली तर राखणारा निर्दोष, असे याज्ञवल्क्याचे मत. मिताक्षरेत एक स्मृतिवचन उद्धृत आहे, त्याचा आशय असा की ठेव स्वतः उपभोगिली तर व्याजासह, उपेक्षेने नासली तर तितकीच, आणि अज्ञानाने नासली तर किंचित न्यून परत करावी. ही तारतम्यबुद्धी पाहून आम्ही प्रसन्न झालो व अंमळ उशिरापर्यंत वाचीत बसू लागलो.

नोव्हेंबराच्या अखेरीस, त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस व गारपीट झाली. अण्णांच्या मण्यांवर आलेल्या घडांची जी दशा झाली ती येथे वर्णीत नाही. पाऊस सुरू होताच वीज गेली. साठविलेल्या विजेवर दिवे चालत, परंतु थंड खोलीचे यंत्र बंद पडले. आम्ही टिपणाची पाने घेऊन धावलो. दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबिले, बर्फाच्या पिशव्या मांडिल्या, दर अर्ध्या तासाने कंदील घेऊन अंश पाहिले, वहीत टिपले. पारा सोळावर गेला तेव्हा आमच्या छातीत धडकी भरली. सौभाग्यवती गाईपाशी होत्या. कालवड गारांनी बिथरली होती. शेळ्यांचा गडगा आमच्या वाटणीचा. खालची कडी आम्ही लाविली होती. वरची कडी लाविली नाही, हे आम्हांस नक्की आठवते, कारण हातात बर्फाची पिशवी होती व ‘परतताना लावू’ असे मनात म्हटले होते.

उत्तररात्री वाघ्या कण्हत दाराशी आला. तो भुंकला नाही. सकाळी गडी आला तेव्हा फळीचा वरचा भाग वाकलेला, शेळ्या कोपऱ्यात एकमेकींस चिकटलेल्या, आणि करडू नाही.

ह्या भागात बिबट्या उसात राहतो. वर्षभर उभ्या असलेल्या उसात त्यास दडण जंगलासारखेच मिळते, तेथेच मादी विते, आणि कुत्री, शेळ्या, डुकरे हे भक्ष्य हाताशी असते. कार्तिकात ऊसतोड सुरू झाली की आसरा तुटून तो वस्तीजवळ फिरतो. हे सर्व अण्णांनी आम्हांस पहिल्याच दिवशी सांगितले होते. वनरक्षक पंचनाम्यास आले. अशा नुकसानीची भरपाई सरकार देते. आम्ही त्यांस न विचारता सांगितले की वरची कडी उघडी होती. ते म्हणाले, ‘गुरुजी, त्याला रकाना नाही.’

रकाना मनूने ठेविला आहे. त्या दुपारी आम्ही स्वामिपालविवाद काढिला. शेळ्यामेंढ्यांविषयी तेथे निराळा विचार आहे: नीट राखलेल्या कळपावर लांडग्याने अकस्मात झडप घातली तर पाल दोषी नव्हे, लांडगे आले असता पाल धावून गेला नाही, तर पाप त्याचे. त्याच प्रकरणात असेही आहे की जनावर मेल्यास पालाने कान, कातडे, शेपूट इत्यादी खूण स्वामीस दाखवावी. आमच्यापाशी खूण नव्हती. तिसऱ्या दिवशी गड्याने उसाच्या बांधावरून करडाच्या गळ्यातील घुंगरू आणून दिले. सौभाग्यवतींनी ते धुतले व देवळीत ठेविले. करडाची आई चार दिवस ओरडत होती. तिला पान्हा फुटे व पिणारे नव्हते, तेव्हा त्या तिच्यापाशी बसून दूध काढीत. आम्हांस त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि ते बोलण्याहून जड गेले.

अण्णा एकदा सहज म्हणाले की एका रात्री दोन अंश पारा चढल्याने मद्यास काहीही होत नाही.

फोनवर सांगणे सोपे होते. परंतु यजमानांची नात दोन दिवसांची होती, म्हणून आम्ही आठवडाभर थांबलो. हे थांबणे त्यांच्यासाठी होते की आमच्यासाठी, ह्याचा निर्णय आम्ही अद्याप करू शकलो नाही. शेवटी पत्र लिहिले, व त्याचे छायाचित्र पाठविले.

ते परत आले त्या दिवशी आम्ही वही, किल्ल्या व घुंगरू टेबलावर मांडिले, आणि करडाची बाजारात पुसलेली किंमत पाकिटात घालून ठेविली. वहीकडे त्यांनी पाहिलेही नाही. ‘कानावर पांढरा ठिपका होता तेच ना?’ असे विचारून ते गडग्याकडे गेले व बराच वेळ तेथे राहिले. पाकीट त्यांनी घेतले नाही. आम्ही नेटाने पुढे केल्यावर ते गड्याच्या मुलाच्या नावे करून मोकळे झाले. निघताना एक बाटली आमच्या पिशवीत घालू लागले, तेव्हा सौभाग्यवतींनी ती काढून हाती दिली व म्हणाल्या, ‘त्यापेक्षा घुंगरू द्या.’

पुढील कार्तिकासाठी त्यांचे पुन्हा बोलावणे आले. आम्ही उत्तर देण्यापूर्वीच सौभाग्यवतींनी फोन घेऊन विचारिले की शेळी व्याली का, आणि गडग्यास आता किती कड्या आहेत.