जेवणघरातला छापखाना

व्हर्जिनिया वुल्फ यांची पहिली कादंबरी १९१५ मध्ये सावत्र भावाच्या प्रकाशनसंस्थेनं काढली. त्याच वर्षी त्यांचा मानसिक आजार पुन्हा बळावला. दुपारच्या वेळी लेखनाचा विचार डोक्यातून जाईल असं काहीतरी हातकाम हवं, म्हणून पती लिओनार्ड यांनी १९१७ मध्ये एक छोटं छपाईयंत्र घेतलं. खिळ्यांसकट किंमत १९ पौंड ५ शिलिंग ६ पेन्स. ते बसवलं रिचमंडच्या ‘हॉगर्थ हाउस’मधल्या जेवणघरात! मुद्रणशाळेत प्रवेश मिळाला नव्हता. सोबत आलेल्या पुस्तिकेवरून दोघं शिकले. लिओनार्ड यांचे हात कापत, त्यामुळे खिळे जुळवायचे व्हर्जिनियांनी आणि छपाई करायची त्यांनी. संसारात कामाची वाटणी इतकी चोख क्वचितच होते. पहिल्या पुस्तकात दोघांची एकेक कथा होती, प्रती जेमतेम १५०.

कादंबरीचा पसारा मात्र जेवणघरात मावणारा नव्हता. १९२२ ची ‘जेकब्स रूम’ या घरगुती छापखान्याच्या, म्हणजे हॉगर्थ प्रेसच्या नावानं निघाली, पण छापून आली एडिंबरोच्या मुद्रकाकडून. वेष्टणाचं चित्र घरचंच, बहीण व्हनेसा बेल यांचं. यानंतर व्हर्जिनियांना कादंबरी घेऊन त्या भावाकडे जावं लागलं नाही.