पवळ्याची दावण

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीतला ‘बांधला’ हा शब्द सहसा नजरेतून सुटतो. शेजारी पवळ्याने निवडलेला नसतो. दावणीची जागा मालक ठरवतो. माणसांच्या संगतीचेही बरेचसे असेच असते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या वेस्टगेट वसाहतीत विवाहित विद्यार्थ्यांना घर निवडता येत नसे. रिकामे होईल ते मिळे. तिथे मैत्री कशी जुळते, याचा मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच मजल्यावर लगतच्या दारांमध्ये मैत्रीचे प्रमाण ४१ टक्के होते, तर दोन टोकांच्या घरांमध्ये १० टक्के. मधले अंतर काही पावलांचेच. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावरही जास्त. स्वभाव जुळायच्या आधी जिन्यानेच काम केले होते!

नुसते वरचेवर दिसणेही पुरते. १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी दाखवले की, अर्थ न कळणारी चिन्हे पुन्हापुन्हा समोर आली की लोकांना ती चांगल्या अर्थाची वाटू लागतात. जाहिरातदार याच सवयीवर जगतात. मोबाइलमध्ये एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होतो, तेव्हा दावण कंपनीच्या हातात असते.

सवयीही संगतीने सुटतात. अमेरिकेतल्याच फ्रॅमिंगहॅम येथील १२,०६७ लोकांच्या १९७१ ते २००३ या काळातील आरोग्यविषयक नोंदी संशोधक निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी तपासल्या. जोडीदाराने धूम्रपान सोडले की दुसऱ्याने धूम्रपान करण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटलेली आढळली. सारख्या सवयींची माणसे मुळातच एकत्र येतात, त्यामुळे सगळे श्रेय संगतीला देता येत नाही, हा टीकाकारांचा आक्षेप मात्र रास्त आहे.

म्हणून निग्रहापेक्षा अंतर बदलणे सोपे. फोन रात्री दुसऱ्या खोलीत, उशाशी पुस्तक. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद. ज्यांच्यासारखे काम जमावे असे वाटते, त्यांच्या रियाजाला किंवा अभ्यासिकेत रोजची हजेरी. माणसांपासून अंतर ठेवणे मात्र इतके निरुपद्रवी नाही. फ्रॅमिंगहॅममध्येच धूम्रपान कमी होत गेले, तसे ते न सोडणारे मित्रांच्या जाळ्यातून हळूहळू कडेला ढकलले गेले.